हो, माझीच

"आजी, मान हलवू नका हं. आता सांगा, कानामागे टोचतंय का अजून?"

"टोचत नाही, पण धरतंय," आजी म्हणाल्या. "सासूनं कान धरावा ना, तसं धरतंय."

ताई हसल्या. त्यांनी चष्मा उतरवून घेतला, त्याची काडी गरम हवेच्या नळीपुढे धरली आणि अंगठ्यानं तिला अगदी किंचित बाक दिला. चष्म्याच्या या दुकानात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. मालकापासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणत. डोळे तपासायचं काम आतल्या खोलीतल्या डॉक्टरांचं. तपासून बाहेर आलेल्या माणसाच्या नाकावर आणि कानांवर तो नंबर नीट बसवायचा, हे ताईंचं.

तेवढ्यात काचेचं दार ढकलून पाहुणी आत आली.

"आई, डबा विसरलीस! ओट्यावरच होता," ती म्हणाली आणि डबा काउंटरवर ठेवून, कुणी न सांगताच, कोपऱ्यातल्या बाटलीतून पाणी ओतून तिनं ताईंपुढे धरलं. "आधी पाणी पी. तोंड बघ कसं झालंय."

चष्मा ताईंच्या हातात होता, त्यामुळे आजींना समोर नुसती धूसर हालचाल दिसत असणार. पण कान शाबूत होते.

"किती गोड आवाज," त्या म्हणाल्या. "लेक का हो तुमची?"

सांगायचं होतं ते एवढंच, की नाही, ही परदेशातली मुलगी, शाळेच्या योजनेतून वर्षभरासाठी आमच्या घरी राहायला आली आहे. पण वाक्य लांब होतं. ताईंच्या तोंडातून निघालं ते छोटं होतं.

"हो, माझीच."

"भाग्याच्या आहात. आमच्या नातीचं तोंड उघडायचं तर पक्कड आणावी लागते."

ताईंनी हसत हसत वर पाहिलं. दुकानात भिंतभर आरसे. त्यातल्या एका आरशात, लहान मुलांच्या रंगीत फ्रेम लावल्या होत्या त्या मांडणीशेजारी, ठकी उभी होती. त्यांची मुलगी. सायकलला कुलूप लावून ती पाहुणीच्या मागोमाग आत आली असावी. किल्ली अजून हातातच होती.

ताईंनी चष्मा आजींच्या नाकावर चढवला. खरं तर त्यांना तो चढवायचा नव्हता. आजींनी डोळे मिचकावले, पाहुणीकडे पाहिलं, मग ठकीकडे.

"आणि ही दुसरी कोण?"

ताई काउंटरवरचं काचा पुसायचं फडकं शोधू लागल्या. पाहुणीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधीच ठकी पुढे झाली.

"मी हिची मैत्रीण," ती म्हणाली. अगदी नीट, हसून. मग पाहुणीच्या कोपराला धरून, "चल गं, लायब्ररी बंद होईल."

दोघी गेल्या. आजी आरशात स्वतःला न्याहाळत म्हणाल्या, "आता अगदी छान बसला बघा."

*

ठकी हे काही तिचं खरं नाव नव्हतं. तान्ही असताना जिथं बसवाल तिथं ती बसून राहायची, चिंध्यांच्या बाहुलीसारखी, म्हणून ठकी. मोठी झाली तरी तशीच राहिली. शाळेतून यायची, दप्तर टाकायची, जेवायची. शाळेत काय झालं विचारलं तर "काही नाही". कोण भेटलं, तर "कुणी नाही". ताई शेजारणीला म्हणायच्या, "आमच्याकडे मुलगी आहे की भाडेकरू, कळत नाही बाई. भाडेकरू निदान पाणी आलं की नाही ते तरी विचारतो."

गंमत म्हणजे पाहुणीला घरी आणायची कल्पना ठकीचीच. शाळेनं विचारलं, परदेशातली एक मुलगी वर्षभर कोण ठेवून घेईल, आणि ही घुमी पोर हात वर करून आली. स्वतःची खोलीही तिनं आपण होऊन दिली. घराच्या मागच्या बाजूची गॅलरी काचा लावून बंद केलेली होती. तिथं कपडे वाळत, इस्त्रीचं टेबल असे. ठकीनं आपलं अंथरूण तिथं टाकलं. "मला चालतं," म्हणाली.

पाहुणी आली आणि घराचा नूरच पालटला. पहिल्या आठवड्यात तिला भाषा येत नव्हती, म्हणून घरातलं ऐकून ती शब्द उचलायची. ताई नवऱ्याला "अहो" म्हणत, तर हीसुद्धा त्याला "अहो" म्हणून हाक मारू लागली. "अहो, मीठ द्या!" ठकीचे बाबा लिफ्ट दुरुस्त करणारे, अंधाऱ्या खड्ड्यांत उतरून काम करणारे, एरवी जेवताना ताटाबाहेर न बघणारे. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग सगळ्यांनी मिळून तिला समजावलं, की त्यांना काका म्हणायचं.

ताईंना मात्र ती ठकीचं ऐकून "आई" म्हणायची. ते कुणी सुधारलं नाही. ताईंनीही नाही.

ती ताईंच्या मागे मागे स्वयंपाकघरात फिरायची. बटाटे सोलता सोलता दिवसभराचं सगळं सांगायची, निम्मं चुकीच्या शब्दांत, उरलेलं हातवाऱ्यांनी. काकांना विचारायची, लिफ्टची दोरी तुटली तर काय होतं, आणि काका ताटात चमचा उभा करून, कडेला वाटी ठेवून तिला दाखवत, की बघ, एक दोरी नसते, चार असतात, आणि त्या तुटल्या तरी खाली पकडणारं यंत्र असतं. हे त्यांनी ठकीला कधी सांगितलं नव्हतं. ठकीनं कधी विचारलंही नव्हतं. ती त्या वेळी समोरच बसलेली असायची, ऐकत.

दुकानातून घरी परतताना ताईंची पावलं भराभर पडू लागली. घरी कुणीतरी वाट बघत असतं, हे त्यांना फार दिवसांनी जाणवत होतं. मग एकदम आठवायचं, घरी दोन मुली आहेत. आणि पावलं हळू व्हायची.

*

त्या दिवशी संध्याकाळी ताई गॅलरीत गेल्या. ठकी अभ्यास करत होती. वर दोरीवर काकांचे कामाचे कपडे वाळत होते, त्यातल्या पँटचे पाय तिच्या डोक्याला लागत होते.

"अगं, दुपारी त्या आजी..."

"कुठल्या आजी?"

"दुकानातल्या. त्यांनी विचारलं आणि मी..."

"आई, उद्या परीक्षा आहे."

ताई तिथंच उभ्या राहिल्या. उगाच एक वाळलेला शर्ट काढला, घडी घातली, पुन्हा उलगडला. मग बाहेर आल्या.

नवऱ्याला सांगून बघितलं. तो म्हणाला, "एवढं काय त्यात? मला तर निम्मी बिल्डिंग वॉचमन समजते. मी प्रत्येकाला सांगत बसतो का?"

"ते वेगळं हो."

"मग जाऊन सांग ना तिला, चुकलं म्हणून."

"काय चुकलं ते सांगावं लागेल ना आधी."

त्यानं रिमोट उचलला. म्हणाला, "मीही कधी तिला दोऱ्यांचं सांगितलं नव्हतं," आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

त्यानंतर ताईंनी भरपाई सुरू केली. दोन्ही मुलींना सारख्या टोप्या आणल्या. जेवताना आधी ठकीला वाढायचं, मग पाहुणीला. पाहुणीच्या विनोदावर हसू आलं तर आधी ठकीकडे बघायचं. ठकीच्या हे सगळं लक्षात येत होतं, आणि ते तिच्या लक्षात येतंय हे ताईंच्या. घरात पाहुणीच तेवढी मोकळी राहिली.

*

पाहुणीच्या आईचा फोन रविवारी दुपारी यायचा. साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवून पाहुणी जेवणाच्या टेबलाशी बसायची. ताईंना त्यांची भाषा कळत नव्हती, पण पडद्यावरची बाई भरभरून बोलते आणि इकडून नुसतं "हं" जातं, एवढं कळायला भाषा लागत नाही. तासभर बडबडणारी ही मुलगी त्या फोनवर टेबलावरचे खरकटे कण बोटानं गोळा करत बसायची. फोन ठेवला की दुसऱ्या क्षणी तिचं तोंड पुन्हा सुरू व्हायचं. ताईंनी हे अनेकदा पाहिलं होतं आणि त्यावर विचार करायचं टाळलं होतं.

पाहुणीचे जायचे दिवस जवळ आले होते, तेव्हाची गोष्ट. त्या रविवारी फोन चालू असताना पाहुणी वळून म्हणाली, "आई, तिला तुझ्याशी बोलायचंय."

ताई हात पुसत आल्या. पडद्यावर साधारण त्यांच्याच वयाची एक बाई होती. मागे खुर्चीवर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. तिनं या फोनसाठी केस नीट बांधले होते, कॉलर सरळ केली होती. ती हसली आणि मग बराच वेळ बोलली. बोलता बोलता मध्येच थांबली आणि पुन्हा बोलली.

"काय म्हणतात?" ताईंनी विचारलं.

"काही नाही. थँक्यू म्हणते."

"एवढं लांबलचक थँक्यू?"

ठकी मागे भांडी पुसत होती, ती फिस्सकन हसली. पाहुणीचे कान लाल झाले.

"ती विचारते," पाहुणी टेबलाकडे बघत म्हणाली, "मी तुमच्याकडे बोलते का. म्हणते, घरी मी बोलत नाही. दार लावून बसते. फोटोत मी एवढी हसते, तर ती विचारते... ती विचारते, तुम्ही असं काय करता."

पडद्यावरची बाई वाट बघत होती. भाषा कळत नसल्यामुळे ती ताईंचा चेहरा वाचत होती. ताईंना रोज किती चेहरे हाताळावे लागत, पण इतकं एकटक कुणी बघत नसे.

"तिला सांग," ताई म्हणाल्या, "आमच्याकडेही तू गप्पच असतेस. फोटोपुरती हसतेस. सांग, या वयाच्या मुली सगळ्या अशाच."

पाहुणीनं मान वर केली. "असं सांगू?"

"असंच सांग."

पाहुणीनं सांगितलं. बाईनं ऐकलं, आणि तिचे खांदे एकदम खाली आले. ती हसली, मनगटाच्या मागच्या बाजूनं डोळा पुसला, आणि ताईंकडे बघून हात जोडल्यासारखं काहीतरी केलं. ताईंनीही हात हलवला. फोन बंद झाल्यावर पाहुणी उठली आणि खोलीत गेली. दार लागल्याचा आवाज आला.

टेबलाशी ताई, ओट्याशी ठकी.

"बरं केलंस," ठकी म्हणाली. तिचा हात थांबला नव्हता, तीच थाळी ती पुन्हा पुन्हा पुसत होती. "त्या बाईंना किती बरं वाटलं."

"खोटं बोलले मी."

"त्यांच्यासाठी बोललीस." ठकीनं थाळी मांडणीत लावली, दुसरी घेतली. "दुकानात बोललीस ते कुणासाठी होतं?"

इतके दिवस ताईंनी या प्रश्नाची कितीतरी उत्तरं तयार केली होती. गिऱ्हाइकाला कुठं समजावत बसायचं. घाई होती. आजींना नीट दिसत नव्हतं.

"माझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "मला ऐकायला बरं वाटलं. घडीभर."

ठकीनं मान हलवली. रडली नाही, रागावली नाही. ताईंना वाटलं, रागावली असती तर परवडलं असतं.

"मला येत नाही असं नाही गं तसं वागायला," ती म्हणाली. "आत्याकडे मी अशीच असते."

"अशी म्हणजे?"

"हिच्यासारखीच. आत्याला सगळं सांगते. तिच्या पाळणाघरातल्या पोरांना नाच करून दाखवते. आत्या म्हणते ना तुला, किती गुणी आहे म्हणून?"

आत्या म्हणायची खरी. दर सुट्टीनंतर म्हणायची, "वहिनी, तुमची लेक म्हणजे नुसता धबधबा हो." ताईंना वाटायचं, नणंद आपल्या भावाला बरं वाटावं म्हणून बोलते. धबधबा कसला, इथे थेंब पडत नाही.

"मग इथं का नाही?" ताईंनी विचारलं. विचारताना आवाज वर गेला, तो त्यांनी खाली आणला. "इथं का नाही गं बोलत?"

ठकीला प्रश्नच कळला नाही असं दिसलं.

"इथं कशाला?" ती म्हणाली. "शाळेत दिवसभर नीट वागायचं, तिकडे गेलं की तिकडे नीट वागायचं. घरी तरी..." तिनं फडकं झटकलं आणि खिळ्याला अडकवलं. "आपलं घर आहे ना हे."

ती गॅलरीत निघून गेली. ताई तिथंच बसून राहिल्या. ज्या गप्प बसण्याची त्यांनी शेजारणीपाशी, नवऱ्यापाशी, दुकानात, अगदी सगळ्यांपाशी कुरकुर केली होती, ते गप्प बसणं त्यांच्या एकट्यांच्या वाट्याला आलं होतं.

*

पाहुणीला सोडायला सगळे विमानतळावर गेले. काकांनी आयुष्यात प्रथमच कामावर दांडी मारली होती. ते तिथल्या लिफ्टकडे बघून "हिचा आवाज बरोबर नाही" असं दोनदा म्हणाले. पाहुणी ताईंच्या गळ्यात पडून रडली. मग ठकीच्या गळ्यात पडली, आणि तिथं सर्वांत जास्त वेळ थांबली. दोघी एकमेकींच्या कानात काहीतरी बोलत होत्या. ताईंना ऐकू आलं नाही.

निघताना ताईंनी पाहुणीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "घरी गेल्यावर आईशी बोल," त्या म्हणाल्या.

पाहुणीनं नाक ओढत मान डोलावली. मग खरं बोलावंसं वाटलं असेल, म्हणून म्हणाली, "बघते."

ठकी आपल्या खोलीत परत गेली. घर पूर्वीसारखं झालं. ताई मात्र पूर्वीसारख्या होईनात. त्या ठकीपुढे पाण्याचा पेला नेऊन ठेवत. दारावर टकटक करून आत जात. "आज काय खाणार?" असं विचारत. रोज काहीतरी प्रश्न काढत, आणि उत्तर "काही नाही" आलं तर म्हणत, "असू दे, असू दे, काही हरकत नाही."

शेवटी एकदा ठकीच वैतागली.

"आई, तू मला पाहुणी केलंस का आता?"

"अगं, तसं नाही..."

"मग ओरड ना. टॉवेल पलंगावर पडलाय सकाळपासून ओला."

ताईंनी टॉवेलकडे पाहिलं. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज निघाला तो अगदी मऊ. ठकीनं उसासा टाकला आणि स्वतःच टॉवेल उचलला.

*

सुट्टी लागली तशी ठकी आत्याकडे गेली. आत्या गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची, एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. नवरा गेल्यापासून घरातच पाळणाघर चालवत होती. आठवड्यानं ठकीला आणायला तिचे बाबा जाणार होते, पण त्यांना कुठल्या तरी दवाखान्याच्या बंद पडलेल्या लिफ्टवर बोलावलं. ताई म्हणाल्या, मी जाते. दुकानातून लवकर निघाल्या, दोन बस बदलल्या. फोन करायचं त्यांच्या मनात आलं होतं. केला नाही.

जिना चढताना दुसऱ्या मजल्यापासूनच पोरांचा गलका ऐकू यायला लागला. तिसऱ्या मजल्यावर पोचून ताईंनी घंटीकडे हात नेला.

"...आणि मग तो राक्षस काय म्हणाला?" आतून आवाज आला. "तो म्हणाला, मला भूक लागलीय, पण माझे दात कुणीतरी नेलेत! कुणी नेले? तू नेलेस? दाखव तोंड. अगं आत्या, हे बघ, हिच्याच तोंडात आहेत, हिचे दात राक्षसाएवढे आहेत!"

पोरं खिदळली. आत्या "पुरे गं बाई, माझ्या पोटात दुखायला लागलं" म्हणत होती. आवाज वर-खाली होत होता, मध्येच राक्षसाचा होत होता, मध्येच म्हातारीचा, आणि मग सुटलेलं हसू, लांब, मोकळं, थांबता थांबत नाही असं.

ताईंचा हात घंटीपाशी होता. घंटी वाजली की दार उघडेल. दार उघडलं की आतला आवाज थांबेल, ठकी चपला शोधायला लागेल. "चल," म्हणेल.

त्यांनी हात खाली घेतला. दाराशेजारच्या पायरीवर, आवाज न करता, बसल्या. पर्स मांडीवर घेतली. आत राक्षसाला दात परत मिळाले होते, पण ते उलटे बसले होते, आणि आता त्याला हसताना रडू येत होतं. एक पोर म्हणालं, पुन्हा सांग. ठकी म्हणाली, कुठून, पहिल्यापासून? सगळी पोरं म्हणाली, पहिल्यापासून.

खालून एक बाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन धापा टाकत वर आल्या. वरच्या मजल्यावर राहत असाव्यात. ताईंना पायरीवर बसलेलं बघून थांबल्या.

"घरात कुणी नाही का?"

"आहेत," ताई हळूच म्हणाल्या. "सगळे आहेत."

आणि त्या बाईंना जाता यावं म्हणून भिंतीकडे सरकून बसल्या.